लहान भूमिकांचा मोठा नट : कै. डेव्हिड अब्राहम चेऊलकर

शाळेच्या वार्षिकात चरित्र द्यावयाचे म्हटले म्हणजे राजे, सेनापती, संत, समाजसुधारक आणि शास्त्रज्ञ ह्यांचीच नावे प्रथम डोळ्यांपुढे उभी राहतात. ती चरित्रे मुलांनी वाचावीत हे उघडच आहे. परंतु ह्या खेपेस आम्ही एका चित्रपटनटाचे चरित्र निवडले आहे. आणि तोही नायकाची कामे करणारा देखणा नट नव्हे, तर ठेंगणा, स्थूल आणि टक्कल पडलेला एक विनोदी चरित्रनट. काही पालकांस ही निवड विचित्र वाटण्याचा संभव आहे. चित्रपटांच्या नादाने मुलांचा अभ्यास बिघडतो ही त्यांची तक्रार आम्हांस अपरिचित नाही. तरीपण कै. डेव्हिड ह्यांच्या आयुष्यात आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस घेण्यासारखे इतके काही आहे की, लेख शेवटपर्यंत वाचून मगच मत बनवावे, एवढीच आमची विनंती आहे.

डेव्हिड ह्यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. पडद्यावर त्यांचे नाव नुसते डेव्हिड असे येत असे. त्यामुळे पुष्कळ लोक त्यांस ख्रिस्ती समजत. वस्तुतः ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातील यहुदी समाजाचे होते. हा समाज शेकडो वर्षे कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे हल्लीच्या रायगड जिल्ह्याच्या, किनाऱ्यावरील गावांत राहत आला. त्यांचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्यास लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी कामास विसावा, ह्यांवरून गावकरी त्यांस शनिवार तेली म्हणत. त्यांची मातृभाषा मराठी, आणि आडनावेही गावांवरून पडलेली : पेणचे ते पेणकर, चेऊलचे ते चेऊलकर. एकोणिसाव्या शतकात ह्या समाजाची पुष्कळ मुले डॉ. जॉन विल्सन आदिकरून मिशनरींच्या शाळांतून शिकली; विल्सनसाहेबांनी हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत लिहिले ते ह्याच लोकांकरिता. ह्या समाजाची संख्या केव्हाही काही हजारांपलीकडे गेली नाही. पण चित्रपटाच्या इतिहासात तिने मोलाची भर घातली आहे. इ. स. 1931 साली निघालेला हिंदुस्थानचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ ज्यांच्या नाटकावरून तयार झाला, ते जोसेफ डेव्हिड पेणकर हेही बेने इस्राएलच होते.

अशा समाजात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड ह्यांचा जन्म झाला. त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी. ए. ची पदवी मिळविली. त्या काळी पदवीधर मनुष्य म्हणजे घराण्याचे भूषण समजले जाई. आता मुलगा चांगल्या पगारावर चिकटेल आणि घरास हातभार लावील, अशी आशा सर्वांस वाटत असणार. परंतु घडले ते निराळेच. त्या सुमारास जगभर व्यापार बसला होता, गिरण्या व पेढ्या माणसे कमी करीत होत्या, आणि पदवीचे भेंडोळे काखेत मारून हिंडणाऱ्या तरुणांची मुंबईत वाण नव्हती. डेव्हिड ह्यांनी सुमारे सहा वर्षे नोकरीचा शोध केला. पण मनाजोगे काम काही मिळाले नाही.

सहा वर्षे हा शब्द उच्चारावयास फार सोपा आहे. पण आमच्या वाचकांनी त्याचा थोडा विचार करावा. पाचव्या इयत्तेत आलेला मुलगा शालान्त परीक्षेस बसेपर्यंत जेवढा काळ जातो, तेवढा हा काळ होय. इतकी वर्षे रोज सकाळी स्वच्छ कपडे करून बाहेर पडावयाचे आणि सायंकाळी रिकाम्या हाताने परत यावयाचे, म्हणजे शिकलेल्या माणसाच्या स्वाभिमानाची कसोटीच. अशा वेळी पुष्कळ तरुण चिडखोर बनतात, काही व्यसनाच्या मार्गास लागतात, आणि काही आपल्या शिक्षणासच दूषणे देऊ लागतात. डेव्हिड ह्यांच्या पुढील आयुष्यात कडवटपणाचा लवलेशही दिसत नाही, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या कोणत्याही पारितोषिकाहून मोठी वाटते.

अखेरीस त्यांचे स्नेही व चरित्रनट नयमपल्ली ह्यांनी त्यांस चित्रपटाची वाट दाखविली. ता. 15 जानेवारी 1937 रोजी दिग्दर्शक मोहन भवनानी ह्यांच्या संस्थेत त्यांस प्रथम काम मिळाले. चित्रपटाचे नाव ‘झँबो’. विद्यापीठाच्या पदवीधराने चेहऱ्यास रंग फासून बोलपटात उतरावे, हे त्या काळच्या प्रतिष्ठित कुटुंबांस रुचणारे नव्हते. शिवाय डेव्हिड ह्यांस रूपाची देणगीही नव्हती. नायक उंच, गोरा व कुरळ्या केसांचा असावा अशी प्रेक्षकांची अपेक्षा. आणि ह्यांची उंची बेताची, अंग गोल, व डोक्यावरचे केस विरळ होत चाललेले. आपण नायक होणार नाही हे त्यांस आरशाने पहिल्या दिवशीच सांगितले असले पाहिजे. त्यांनी ते मान्य केले आणि जी भूमिका वाट्यास येईल ती मन लावून करावयाचे ठरविले. पुढे चित्रपटांची कामे सांभाळून त्यांनी कायद्याची पदवीही मिळविली.

ह्या सुमारास आमच्या उपनगरांत चित्रपटाचा धंदा जोमाने वाढत होता. मालाड येथे 1934 साली हिमांशु राय व देविका राणी ह्यांनी बाँबे टॉकीज ही संस्था स्थापिली. त्या वेळी मालाड हे झाडांनी व शेतांनी वेढलेले खेडेवजा गाव होते. तेथे परदेशातून यंत्रे व तंत्रज्ञ आणून मोठ्या शिस्तीने बोलपट तयार होत असत. ह्याच संस्थेच्या ‘नया संसार’ (1941) ह्या वृत्तपत्राच्या जीवनावरील बोलपटाने डेव्हिड ह्यांस नाव मिळवून दिले. त्याची कथा लिहिणारे ख्वाजा अहमद अब्बास हे पत्रकार होते, आणि त्यांचा व डेव्हिड ह्यांचा संबंध पुढे दीर्घकाळ टिकला. अब्बास ह्यांच्या ‘मुन्ना’ (1954) ह्या गाण्यांवाचूनच्या चित्रपटात, ‘परदेसी’त (1957) व ‘शहर और सपना’त (1963) डेव्हिड होते. ह्यांपैकी शेवटच्या चित्रपटात, मुंबईत घर न मिळाल्यामुळे एका मोठ्या नळात संसार थाटणाऱ्या जोडप्याची कथा असून, त्यास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. मालाडच्या त्या संस्थेचा कारभार लवकरच, 1950 नंतरच्या काही वर्षांत, बंद पडला. आज त्या जागी लहानलहान कारखाने व दुकाने आहेत. आणि लोकलने मालाडवरून जाणाऱ्या मुलांपैकी क्वचितच कोणास येथील पूर्वीच्या वैभवाची कल्पना असेल.

आता ज्या भूमिकेमुळे डेव्हिड अमर झाले, तिच्याकडे वळू. चेंबूर येथे कलागृह असलेल्या राज कपूर ह्यांच्या आर. के. संस्थेने 1954 साली ‘बूट पॉलिश’ हा चित्रपट काढला. दिग्दर्शक होते प्रकाश अरोरा. कथा थोडक्यात अशी. भोला व बेलू ह्या भावाबहिणींची आई पटकीने मरते आणि बाप तुरुंगात असतो. ही दोन पोरकी लेकरे त्यांच्या कमला नावाच्या चुलतीच्या पदरात पडतात. ती त्यांस भीक मागावयास लावते आणि मिळालेले पैसे हिसकावून घेते. त्याच झोपडपट्टीत जॉन चाचा म्हणून एक वयस्क मनुष्य राहतो. तो मुलांवर माया करितो, भीक मागणे हे लाजिरवाणे असून हातांनी काम करून मिळविलेली भाकरी गोड असते, असे त्यांच्या मनावर ठसवितो. मुले भिकेतील पैसा चोरून साठवितात, बुटांस पॉलिश करण्याचे सामान घेतात आणि स्वतःच्या श्रमावर जगू लागतात. भोलाचे काम रतन कुमार ह्याने, बेलूचे काम बेबी नाझ हिने, आणि जॉन चाचाचे काम डेव्हिड ह्यांनी केले. बेबी नाझ हिच्या अभिनयाचा 1955 साली फ्रान्समधील कान येथील महोत्सवात खास गौरव झाला.

परंतु आमच्या मते ह्या कथेतील खरी विचार करण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. हा जॉन चाचा स्वतः चोरटी दारू विकणारा आहे. मुंबई राज्यात 1949 च्या कायद्याने दारूबंदी आली होती, आणि चाचाचा धंदा त्या कायद्याविरुद्ध होता. म्हणजे मुलांस सन्मार्ग दाखविणारा मनुष्य स्वतः आडमार्गाने चालला आहे! पुढे पोलीस त्यास पकडतात व तो तुरुंगात जातो. मुलांचा एकुलता एक आधार तुटतो. तुरुंगात चाचा आणि त्याचे टकले सोबती ढगांस आळविणारे एक गाणे म्हणतात. मन्ना डे ह्यांनी ते अडाणा रागात गायिले आहे आणि त्यातील डेव्हिड ह्यांचे हावभाव पाहून आबालवृद्ध हसून लोळतात. पण त्याच कथेत पाऊस पडू लागला म्हणजे रस्त्यांत चिखल होतो, बुटांस पॉलिश करून घेणारे कोणी राहत नाही, आणि त्या दोन जिवांवर उपासमारीची पाळी येते. हसण्याच्या पाठोपाठ रडणे यावे, अशी ही योजना आहे. आणि ती दोन्ही टोके सांधणारा दुवा म्हणजे डेव्हिड.

उपदेश करणाऱ्याचे आचरण त्याच्या उपदेशाशी जुळत नसेल, तर तो उपदेश खोटा ठरतो काय? हा प्रश्न शिक्षकांस व आईबापांस रोज भेडसावतो. आम्ही मुलांस वेळेवर उठावयास सांगतो, राग आवरावयास सांगतो, खरे बोलावयास सांगतो. आणि मुले आमच्याकडे टक लावून पाहत असतात. डेव्हिड ह्यांनी हा प्रश्न व्याख्यान न देता आपल्या अभिनयाने मांडला. त्यांचा जॉन चाचा साधुपुरुष नाही, आणि तो साधुत्वाचा आवही आणीत नाही. आपण चिखलात उभे आहोत हे त्यास ठाऊक आहे. म्हणूनच ही लेकरे त्या चिखलात उतरू नयेत अशी त्याची तळमळ आहे. त्याच्या चुकीची शिक्षा त्यास मिळते. कथा त्यास सूट देत नाही. परंतु त्याने दिलेली शिकवण मात्र मुलांच्या हातांत टिकून राहते. पालकांनी हे चित्र मुलांसमवेत पाहावे, आणि नंतर त्यांच्याशी ह्या एका प्रश्नाविषयी बोलावे, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.

दुसरीही एक गोष्ट आमच्या मनास लागते. हिंदी बोलपटांत ख्रिस्ती मनुष्य आला की तो बहुधा दारूच्या बाटलीसह येतो, तोंडाने मोडकीतोडकी भाषा बोलतो आणि लोकांस हसवून निघून जातो. वसई, गोराई, वांद्रे, अंधेरी येथील आमच्या समाजातील कष्टाळू कुटुंबांस ही थट्टा वर्षानुवर्षे सोसावी लागली. जॉन चाचाची भूमिकाही कागदावर त्याच साच्यातील होती : नाव ख्रिस्ती, धंदा दारूचा. एखाद्या सामान्य नटाने तिचे विडंबन करून टाकले असते. डेव्हिड ह्यांनी त्या साच्यात प्राण ओतला. प्रेक्षक त्या जॉनला हसले, पण त्याचा उपहास कोणी केला नाही. ज्याचा स्वतःचा समाज मूठभर आहे, त्यास दुसऱ्या लहान समाजाची अब्रू राखण्याचे महत्त्व कळले असावे, असे आम्हांस वाटते. ‘अनुपमा’तील (1966) मोझेस आणि ‘सत्यकाम’मधील (1969) रुस्तुम ह्या त्यांच्या भूमिकाही अशाच निरनिराळ्या समाजांतील होत, आणि त्यांतील कोणतीही हिणकस वाटत नाही.

‘बूट पॉलिश’बद्दल डेव्हिड ह्यांस 1955 साली फिल्मफेअर नियतकालिकाचे सहायक नटाचे पारितोषिक मिळाले. ह्या पारितोषिकांस आदल्या वर्षीच आरंभ झाला होता. परंतु पहिल्या वर्षी सहायक भूमिकांकरिता वेगळे बक्षीस ठेवलेले नव्हते. ते 1955 साली प्रथम ठेवण्यात आले. तेव्हा आजवर हे बक्षीस मिळविणाऱ्या नटांच्या लांबलचक यादीत पहिले नाव एका कोकणी यहुद्याचे, चेऊलकरांचे, आहे. त्याच वर्षी सहायक नटीचे पहिले बक्षीस ‘बादबान’ चित्रपटाबद्दल उषा किरण ह्यांस मिळाले. म्हणजे दोन्ही पहिली बक्षिसे मराठी बोलणाऱ्यांच्या घरी आली! ह्या गोष्टीचा आम्हां मराठी वाचकांस अभिमान वाटल्यास त्यात काही वावगे नाही.

त्यांच्या आवाजाविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. तो आवाज भरदार, स्पष्ट आणि प्रसन्न होता. इंग्रजी व हिंदुस्थानी ह्या दोन्ही भाषांवर त्यांचे प्रभुत्व होते. त्यामुळे मुंबईत मोठमोठ्या समारंभांचे सूत्रसंचालन पुष्कळदा त्यांजकडेच येई. फिल्मफेअर पारितोषिकांच्या समारंभांतही त्यांनी हे काम केले. ज्या मनुष्यास कोणत्याही पेढीने सहा वर्षे दारात उभे केले नाही, त्याच्याच तोंडून आपल्या नावाचा पुकारा व्हावा म्हणून पुढे मोठमोठे नट आतुरतेने वाट पाहू लागले. इ. स. 1969 साली भारत सरकारने त्यांस पद्मश्री ही पदवी देऊन त्यांचा सन्मान केला.

वृद्धपणी पुष्कळ नटांस काम मिळेनासे होते. डेव्हिड ह्यांचे उलट झाले. हृषीकेश मुखर्जी व बासू चटर्जी ह्या दिग्दर्शकांनी मध्यम स्थितीतील कुटुंबांच्या साध्या, हसऱ्या गोष्टी पडद्यावर आणिल्या, आणि अशा घरात शोभणारा आजोबा, मामा किंवा स्नेही हवा असला म्हणजे त्यांस डेव्हिड आठवत. ‘अभिमान’मध्ये (1973) गवई नवरा आणि त्याची नवी वधू स्वागतसमारंभात एकत्र गातात. सर्व पाहुणे आनंदात दंग असता, डेव्हिड ह्यांनी रंगविलेल्या एका वृद्ध रसिकास मात्र पत्नीचा गळा पतीहून अधिक गुणी वाटतो आणि पुढे ह्या संसारात मत्सर शिरेल की काय, अशी त्यास भीती वाटते. प्रसंग दोन-चार मिनिटांचा. पण सगळ्या कथेचे मूळ त्यात आहे. ‘चुपके चुपके’मधील (1975) हरिपद हा नायिकेचा भाऊ, ‘गोल माल’मध्ये (1979) बेकार रामप्रसादास नोकरीची वार्ता देणारे व विक्षिप्त मालकाच्या आवडीनिवडी समजावून सांगणारे डॉ. केदार, आणि ‘खूबसूरत’मधील (1980) खेळकर मुलीचा समजूतदार बाप, ह्या भूमिका घरोघर प्रिय झाल्या आहेत. नोकरीसाठी वणवण केलेल्या माणसाने उतारवयात एका बेकार तरुणास नोकरीची युक्ती सांगणाऱ्या डॉक्टरांचे काम करावे, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

ह्या काळातील ‘बातों बातों में’ (1979) हा चित्रपट तर आमच्या उपनगरवासी वाचकांस आपलाच वाटेल. त्याची कथा वांद्र्याच्या ख्रिस्ती कुटुंबांत आणि तेथून चर्चगेटला जाणाऱ्या लोकलच्या डब्यात घडते. नोकरीस जाणारी तरुण माणसे, मुलीच्या लग्नाची काळजी वाहणारी आई, आणि जमवाजमव करीत फिरणारे अंकल टॉम. हे अंकल टॉम म्हणजे डेव्हिड. जॉन चाचापासून अंकल टॉमपर्यंत पंचवीस वर्षांचे अंतर आहे. पहिला झोपडीत राहणारा, दुसरा नेटक्या घरात वावरणारा. परंतु दुसऱ्याच्या मुलांचे कल्याण व्हावे म्हणून धडपडण्याची वृत्ती दोघांतही एकच दिसते.

इ. स. 1982 साल उजाडण्याच्या सुमारास, आपल्या मुंबईपासून हजारो मैल दूर, कॅनडा देशातील टोरंटो शहरी डेव्हिड ह्यांचे देहावसान झाले. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक चित्रपट आहेत, आणि त्यांतील जवळजवळ सर्वांत दुसराच कोणी नायक आहे. त्यांच्या समाजातील बहुतेक कुटुंबेही 1948 नंतर हळूहळू इस्राएलास निघून गेली, आणि आता कोकणातील त्यांची पुष्कळ घरे ओस आहेत. ज्या चेंबूरच्या संस्थेने जॉन चाचा जगापुढे आणिला, तिचे कलागृह 2017 साली आगीत सापडले आणि पुढे ती जागा विकली गेली. परंतु आजही एखाद्या घरात ‘गोल माल’ किंवा ‘बूट पॉलिश’ लागला, आणि ते गोल हसरे तोंड पडद्यावर आले, की नाव ठाऊक नसलेली मुलेदेखील त्या म्हाताऱ्यास ओळखतात.

विद्यार्थिमित्रहो, दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या नाटकाची निवड झाली म्हणजे आम्ही एक दृश्य पाहतो. राजाचे काम एकासच मिळते. बाकीच्यांस भालदार, चोपदार, शेतकरी किंवा वाटसरू व्हावे लागते. आणि त्यांतील कित्येकांचे चेहरे उतरतात. घरी आईबापांसही आपल्या मुलास मागे टाकिले असे वाटते. पुढे गुणपत्रिका हाती आल्यावर, आणि त्यापुढे नोकरीच्या बाजारात, हेच दृश्य मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडते. बहुतेक माणसांच्या वाट्यास ह्या जगात लहानच भूमिका येतात. आमच्या शिक्षकांच्या वाट्यास आलेली भूमिकाही काही राजाची नव्हे. अशा वेळी चेऊलकरांच्या ह्या सुपुत्राचे स्मरण करावे. त्यांनी लहान भूमिका मोठी करून मागितली नाही, किंवा लहान म्हणून हलगर्जीपणानेही केली नाही. पडद्यावर जी चार मिनिटे मिळाली, ती त्यांनी पूर्ण चार मिनिटे वापरली. आपापल्या वाट्याची मिनिटे तशीच वापरण्याची बुद्धी आमच्या सर्व मुलामुलींस होवो, अशी इच्छा प्रकट करून आम्ही हे अल्प चरित्र येथे संपवितो.